सोडून जाण्याची किंमत

अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवर एरेक्थिऑन नावाचे मंदिर आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीस ते बांधून पूर्ण होत होते, तेव्हा त्याचा खर्च दगडावर कोरून ठेवण्याची पद्धत होती. इ. स. पू. ४०९ पासूनच्या त्या हिशेबाचे तुकडे अभ्यासकांच्या हाती लागले आहेत. खांबांवर पन्हळी पाडणारे पाथरवट, सुतार, कोरीवकाम करणारे, त्यांची नावे आणि त्यांना चुकती केलेली मजुरी असे सगळे त्यात आहे. या कारागिरांत अथेन्सचे नागरिक होते, बाहेरगावाहून येऊन शहरात राहिलेले ‘मेटिक’ होते आणि गुलामही होते. ज्यांचा दर्जा कळतो त्यांत मेटिकांची संख्या नागरिकांपेक्षा मोठी भरते. रोज मात्र सगळ्यांचा एकच, एक द्राख्मा. देखरेख करणाऱ्या वास्तुविशारदालाही दिवसाला तेवढेच मिळत. आजच्या एखाद्या श्रम निरीक्षकापुढे हे हजेरीपट ठेवले तर शेरा मारायला त्याला जागा सापडणार नाही. तरीही गुलामाच्या नावापुढे लिहिलेला द्राख्मा त्याच्या मालकाच्या थैलीत जात असे. मेटिकाला खास परवानगीशिवाय जमीन किंवा घर घेता येत नसे, पुरुषाला वर्षाकाठी १२ द्राख्मांचा डोईकर भरावा लागे आणि शहरातला एक नागरिक आपला पाठीराखा म्हणून दाखवावा लागे. असा पाठीराखा नसल्याचे न्यायालयात सिद्ध झाले, तर गुलाम म्हणून विकले जाण्याची शिक्षा होती.

नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात न्यायाची बारकाईने चिकित्सा करणारा ॲरिस्टॉटल स्वतः अथेन्समध्ये मेटिकच होता. स्तागिराहून आलेला हा माणूस दोन खेपांत मिळून तीसेक वर्षे तिथे राहिला, तिथेच त्याने शिष्य घडवले, आणि इ. स. पू. ३२३ मध्ये अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर वारे फिरले तेव्हा त्याला शहर सोडावे लागले. सारख्यांना सारखे द्यावे, हे न्यायाचे सूत्र आपण त्याच्याच नावावर सांगतो. पण सारखे म्हणजे नेमके कशात सारखे, हा त्याने उभा केलेला प्रश्न आपण सोयीने गाळतो. मजुरीत सारखे असलेले दोघे इतर कशात इतके वेगळे असू शकतात की ती समानता पोकळ ठरावी? एरेक्थिऑनचा हिशेब होय म्हणतो. माझे म्हणणे असे की, आज अमेरिकेत परदेशी आणि स्थानिक तंत्रज्ञांच्या पगारावरून जो वाद तीस वर्षे चालला आहे, तो याच गाळलेल्या प्रश्नापाशी अडला आहे. पगाराचे तक्ते कितीही अचूक झाले तरी तो त्यांच्याने सुटणार नाही.

वादाचा विषय आहे एच-१बी व्हिसा. १९९० च्या कायद्याने तो आजच्या रूपात आला. वर्षाला ६५ हजारांची मर्यादा होती, संगणक-क्षेत्राच्या भरभराटीत ती १ लाख ९५ हजारांपर्यंत चढली, पुन्हा खाली आली आणि २००४ च्या कायद्याने अमेरिकी विद्यापीठांतून वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार जागा मिळाल्या. मंजूर होणाऱ्या दर दहा अर्जांतले सुमारे सात भारतीयांचे असतात. त्यामुळे पुण्या-ठाण्यातल्या, नाशिक-नागपुरातल्या हजारो मराठी घरांत ‘लॉटरी’, ‘स्टँपिंग’, ‘प्रायॉरिटी डेट’ हे शब्द सणवारांच्या तारखांइतके ओळखीचे झाले आहेत. अर्ज नोकरी देणारी कंपनी करते आणि परवानगी त्या कंपनीतल्या त्या कामापुरती असते. मुदत तीन वर्षे, वाढवून सहा. ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम वास्तव्याच्या हक्काची, प्रक्रिया पुरेशी पुढे गेलेली असेल तर त्यापुढेही मुदतवाढ मिळत राहते. एका बाजूचे लोक म्हणतात, ही स्वस्त माणसे आणून आमचे पगार पाडण्याची युक्ती आहे. दुसरी बाजू म्हणते, आम्ही तेवढाच किंबहुना जास्त पगार देतो, तेव्हा अन्याय कुठे आहे? दोघांचेही गृहीत एकच आहे, की पगार सारखा निघाला तर प्रकरण मिटले.

कायद्यानेही तेच गृहीत धरले आहे. त्याच कामावरच्या आपल्या इतर माणसांना कंपनी जे देते ते, किंवा त्या भागातला त्या व्यवसायाचा प्रचलित पगार, यांपैकी जे जास्त असेल ते परदेशी कर्मचाऱ्याला द्यावे लागते. काम नसताना माणसाला बिनपगारी ‘बेंचवर’ बसवून ठेवायलाही मनाई आहे. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. पण प्रचलित पगाराच्या चार पायऱ्या केल्या गेल्या आणि श्रम खात्याने त्या ठरवल्या अशा: त्या भागातले त्या व्यवसायातले शंभर पगार चढत्या क्रमाने मांडले तर पहिली पायरी १७ व्या जागी, दुसरी ३४ व्या, तिसरी ५० व्या आणि चौथी ६७ व्या. म्हणजे पहिल्या दोन्ही पायऱ्या मध्याच्या खाली. डॅनियल कोस्टा आणि रॉन हिरा यांनी २०२० मध्ये दाखवले की, मंजूर झालेल्या जागांपैकी साठ टक्के जागा या खालच्या दोन पायऱ्यांवर होत्या. त्यावर उत्तर असे दिले जाते की येणारे बहुतेक तरुण असतात, आणि तरुणाचा पगार कमीच असणार. हे उत्तर निव्वळ पळवाट नाही, पण पुरेसेही नाही. पायरी ठरते ती कंपनीने कामाचे वर्णन कसे लिहिले त्यावर. शिवाय तरुण स्वस्तात मिळतो म्हणून पन्नाशीच्या माणसाला घरी बसवले जाते, हा तर कॅलिफोर्नियात संगणकशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले नॉर्मन मॅटलॉफ यांचा जुना आक्षेप आहे.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही वजनदार आहे, तो बाजूला सारून युक्तिवाद करणे अप्रामाणिकपणाचे होईल. सुनील मिठास आणि हेन्री लुकास यांनी २०१० मध्ये पन्नास हजारांहून अधिक संगणक-व्यावसायिकांच्या पगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षण, अनुभव वगैरे सारखे धरले तर परदेशी कर्मचाऱ्यांना अमेरिकी नागरिकांपेक्षा थोडे जास्तच मिळते, असे त्यांना आढळले. एच-१बीवरच्या लोकांचा मध्यक पगार अलीकडे वर्षाला एक लाख डॉलरच्या वर आहे. जॉन बाउंड, गौरव खन्ना आणि निकोलस मोरालेस यांच्या हिशेबाप्रमाणे परदेशी तंत्रज्ञांचा ओघ १९९४ च्या पातळीवर थोपवला असता, तर २००१ मध्ये स्थानिक संगणक-तज्ज्ञांचे पगार २.६ ते ५.१ टक्क्यांनी जास्त असते. पण त्याच हिशेबात ग्राहकांचा आणि कंपन्यांचा फायदाही दिसतो. जागांपेक्षा अर्ज जास्त झाल्यावर काढलेल्या लॉटरीत अर्ज लागलेल्या आणि न लागलेल्या कंपन्यांची तुलना करणारा डोरान, गेल्बर आणि आयझेन यांचा अभ्यास सांगतो की, व्हिसा मिळालेल्या कंपन्यांत इतरांच्या नोकऱ्या थोड्या घटतात आणि नफा वाढतो. जियोव्हानी पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र अमेरिकी शहरांत परदेशी तंत्रज्ञ वाढल्याने शिकलेल्या स्थानिकांचेही पगार वाढल्याचे दिसले. ज्याला जे सिद्ध करायचे आहे त्याला आपला अभ्यास सापडतो. मी वादापुरते कंपन्यांना सर्वांत अनुकूल निष्कर्ष मान्य करतो: पगार सारखा आहे, कदाचित जास्तही आहे. मग?

मग असे विचारले पाहिजे, की तो प्रचलित पगाराचा आकडा मुळात तयार कसा होतो. कुणी दुसऱ्या कंपनीचे ऑफर लेटर खिशात घालून साहेबाच्या केबिनमध्ये जातो. कुणी रविवारी काम करायला नकार देतो. कुणी वैतागून राजीनामा टाकतो, सहा महिने बचतीवर काढतो आणि स्वतःचे काही सुरू करून बघतो. कुणी दुसऱ्या शहरात आईवडिलांजवळ निघून जातो. अशा हजारो लहान-मोठ्या नकारांचा गाळ खाली बसतो आणि त्याला आपण बाजारभाव म्हणतो. कायदा हा आकडा उचलतो आणि नकार देणे परवडत नाही अशा माणसाच्या करारात लिहितो. आकडा उसना घेता येतो, पण तो ज्या नकारांतून तयार झाला ते उसने घेता येत नाहीत. म्हणून एकाच टीममध्ये बसलेल्या आणि सारखाच पगार घेणाऱ्या दोघांपैकी एकाने आपले श्रम विकलेले असतात, तर दुसऱ्याने श्रमांबरोबर आणखी काहीतरी दिलेले असते, ज्याची पगारपत्रकात ओळ नसते. कंपनीला त्याच्याकडून मिळते ती उद्याची खात्री, म्हणजे प्रकल्प अर्ध्यावर असताना हा माणूस उठून जाणार नाही.

हे केवळ तर्काने रचलेले नाही. या न लिहिलेल्या ओळीची रक्कम मोजण्याचा एक प्रयत्न झाला आहे. शंकर मुखोपाध्याय आणि डेव्हिड ऑक्सबरो यांनी २०१२ च्या त्यांच्या अभ्यासात, नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळाल्यावर माणसाचा पगार किती वाढतो ते पाहिले. उत्तर आले वर्षाला सुमारे १२ हजार डॉलर. ग्रीन कार्ड हाती येते त्या दिवशी माणसाची हुशारी वाढत नाही, कोड लिहिण्याचा वेग वाढत नाही. बदलते ते एवढेच, की आता तो जाऊ शकतो. राजकीय तत्त्वज्ञ फिलिप पेटिट यांनी १९९७ च्या ‘रिपब्लिकनिझम’ या ग्रंथात जुना रोमन विचार नव्याने मांडला. दुसरा माणूस माझ्या आयुष्यात प्रत्यक्ष ढवळाढवळ करतो की नाही एवढ्यावर माझे स्वातंत्र्य ठरत नाही. त्याला वाटेल तेव्हा तशी ढवळाढवळ करता येते की नाही, यावर ते ठरते. मालक प्रेमळ असला तरी गुलाम हा गुलामच. एच-१बीवरचा अभियंता गुलाम नव्हे, त्याला तसे म्हणणेही हास्यास्पद आहे. पण चांगला मॅनेजर मिळणे हे ज्याच्या बाबतीत नशीब असते आणि ज्याच्या बाबतीत तो पुढची नोकरी शोधेपर्यंतचा प्रश्न असतो, ते दोघे एका पायरीवर उभे नाहीत.

यावर माहीतगार वाचक लगेच अडवील. एच-१बीवाले नोकऱ्या बदलतात की! २००० च्या कायद्याने दुसऱ्या कंपनीने अर्ज दाखल करताच तिकडे कामाला लागण्याची मुभा दिली. २०१७ पासून नोकरी गेल्यावर साठ दिवसांची सवलत मिळते. जेनिफर हंट आणि बिन शिए यांच्या २०१९ च्या अभ्यासानुसार तर तात्पुरत्या व्हिसावरच्या कुशल लोकांचे स्वखुशीने नोकरी बदलण्याचे प्रमाण तशाच स्थानिकांच्या जवळपास असते. आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळे माझे म्हणणे सौम्य करावे लागते. ही बेडी नाही, दावे आहे, आणि ते बरेच लांब आहे. पण त्याच अभ्यासाचा उरलेला अर्धा भाग असा, की कायम वास्तव्याचा हक्क मिळताच नोकरी बदलण्याचे प्रमाण एकदम उसळते. आधीपासून मोकळे असते तर ही उसळी कुठून आली असती? ग्रीन कार्डाची प्रक्रिया चालू असताना कंपनी बदलली तर श्रम खात्याचे प्रमाणपत्र नव्याने मिळवावे लागते. ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख बहुधा टिकते, पण नवी कंपनी ते सगळे पुन्हा करायला तयार हवी. आणि साठ दिवस म्हणजे काय, हे ज्याच्या मुलाची शाळा चालू आहे, घराचे हप्ते चालू आहेत आणि बायकोचा व्हिसा त्याच्याच व्हिसाला टांगलेला आहे, त्याला विचारावे.

रांगेबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण सारख्यांना सारखे या सूत्राची विटंबना तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात, तीही कुटुंबीय धरून, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांचा वाटा मुळात सात टक्क्यांपुरता मर्यादित आहे. भारताला जेवढी मर्यादा, तेवढीच आइसलँडला. कागदावर याहून समान वागणूक नाही. प्रत्यक्षात भारतात जन्मलेले लाखो जण दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे रांगेत आहेत. सहा वर्षांची म्हणून ठरलेली पाहुणेपणाची अवस्था अशी अर्धे आयुष्य टिकते.

धर्मपरंपरांकडे वळतो, कारण मजुरीबद्दल त्यांनी अर्थशास्त्र्यांच्या आधी आणि काही वेळा अधिक नेमका विचार केला आहे. यहुद्यांच्या अनुवाद ग्रंथात, चोविसाव्या अध्यायात, गरीब मजुराला छळू नये, मग तो आपला भाऊबंद असो की गावात राहणारा परका, असे सांगून पुढे आज्ञा आहे की त्याची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी चुकती करावी. इस्लाममध्येही घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण पैगंबरांच्या नावे सांगितली जाते. या आज्ञांकडे आपण दयेच्या आज्ञा म्हणून पाहतो. मला त्यांत आणखी काही दिसते. ज्याची मजुरी संध्याकाळी चुकती झाली त्याचे मालकाकडे काहीही अडकलेले नाही. उद्या सकाळी तो त्याच मळ्यावर येईल किंवा पलीकडच्या, ते त्याचे तो ठरवील. किती द्यावे हे ती आज्ञा सांगत नाही. ती एवढेच पाहते की देणे थकवून माणूस बांधून ठेवता येऊ नये. आणि हे करताना तिने परक्याचा उल्लेख आवर्जून केला आहे.

कौटिल्याकडे तर आजच्या अमेरिकी नियमाचा पूर्वजच सापडतो. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात म्हटले आहे की मजुरी आधी ठरलेली नसेल तर शेतमजुराला पिकाचा, गुराख्याला तुपाचा आणि व्यापाऱ्याच्या नोकराला विक्रीचा दहावा हिस्सा मिळावा. कारागीर, गायक, वैद्य, स्वयंपाकी अशांना त्यांच्यासारखे इतर जे मिळवतात ते, किंवा जाणकार ठरवतील ते द्यावे. प्रचलित पगार म्हणतात तो हाच. पण हा नियम ज्या अध्यायात आहे त्याच अध्यायात दासांचे नियमही आहेत. किंमत भरल्यावर दास मोकळा होतो, आणि योग्य मोबदला घेऊनही त्याला मोकळे न करणाऱ्या मालकाला बारा पणांचा दंड आहे. मजुरीचा दर आणि सुटकेचा हक्क या एकमेकांना लागून असलेल्या बाबी आहेत, हे त्या व्यवहारी माणसाला दिसले होते. अमेरिकी कायद्याने अध्यायातला मजुरीचा भाग तेवढा उचललेला दिसतो. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ या श्रमविषयक परिपत्रकातही परदेशात राबणाऱ्याबद्दल स्वतंत्र भाग आहे. कामाच्या हक्कांच्या बाबतीत त्याची स्थिती तिथल्या इतर कामगारांपेक्षा कमी असता कामा नये, असे ते सांगतात. पगाराच्या नव्हे, हक्कांच्या बाबतीत.

आता सर्वांत लोकप्रिय आक्षेप. हे लोक स्वखुशीने जातात, इथल्यापेक्षा कितीतरी पट कमावतात, आईवडिलांना फ्लॅट घेऊन देतात. मग तक्रार कसली? मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात मळ्याचा धनी कुरकुरणाऱ्या मजुराला असेच विचारतो: ठरले होते ते मिळाले ना? हा आक्षेप परदेशी मजुरांच्या प्रत्येक व्यवस्थेने वापरला आहे आणि त्याला एका मराठी माणसाने दिलेले उत्तर नोंदलेले आहे. ४ मार्च १९१२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या केंद्रीय विधिमंडळात गिरमिट पद्धत, म्हणजे मुदतीच्या करारावर भारतीय मजूर वसाहतींत पाठवण्याची पद्धत, बंद करण्याचा ठराव मांडला. दोन वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतापुरती भरती थांबवण्याचा त्यांचा ठराव संमत झाला होता. या वेळी त्यांनी मुळालाच हात घातला. फिजीत पुरुषाला ठरलेल्या कामाला एक शिलिंग मिळत असे. बिहार किंवा संयुक्त प्रांतातल्या मजुरीच्या मानाने ते बरे होते आणि पद्धतीचे समर्थक तेच दाखवत. गोखल्यांनी मजुरीचा मुद्दा वगळला नाही, पण त्यांचा रोख दुसरीकडे होता: न पाहिलेल्या, न निवडलेल्या मालकाशी पाच वर्षे बांधले जाणे, मधेच सोडून जाण्याची सोय नसणे आणि करार मोडला तर फौजदारी शिक्षा. ठराव सरकारी बहुमतापुढे पडला. गोखले १९१५ मध्ये वारले, भरती १९१७ मध्ये थांबली. गिरमिटिया आणि एच-१बीवरचा अभियंता यांच्या हालांची तुलना मी करत नाही, ती गिरमिटियांचा अपमान ठरेल. आजच्या अभियंत्याला राजीनामा दिल्याबद्दल तुरुंग नाही आणि परतीचे तिकीट त्याला परवडते. तुलना युक्तिवादाची आहे. घरच्या गरिबीशी ताडून पाहिले तर कोणताही करार उदार दिसतो. संमती दिली म्हणून अटी न्याय्य होत नाहीत, एवढे गोखल्यांनी तेव्हा दाखवून दिले. गीतेतल्या फलत्यागाचा दाखला देऊन पगाराची चर्चा हलकी ठरवणारे काही जण भेटतात. तो उपदेश काम करणाऱ्याला आहे. काम करवून घेणाऱ्याला त्यातून सूट मिळत नाही.

आणि स्थानिक कामगार? त्याचे गाऱ्हाणे परदेशी माणसाच्या गाऱ्हाण्याच्या विरुद्ध आहे असे दोघांनाही वाटते, त्यातच कंपन्यांचे सुख आहे. २०१४ च्या अखेरीस ऑर्लँडोतल्या डिस्नेच्या सुमारे अडीचशे तंत्रज्ञांना नोकरी जात असल्याचे सांगण्यात आले आणि जाण्यापूर्वी आपल्या जागी येणाऱ्यांना काम शिकवून जाण्यास सांगण्यात आले. येणारे बरेचसे भारतीय होते, कंत्राटदार कंपन्यांमार्फत व्हिसावर आलेले. ज्या कंपन्यांत व्हिसावरच्या लोकांचे प्रमाण मोठे असते, त्यांना स्थानिकांना काढणार नाही अशी जास्तीची हमी द्यावी लागते. पण माणसाला वर्षाला ६० हजार डॉलर दिले की त्या हमीतून सूट मिळते. ही रक्कम १९९८ मध्ये ठरली आणि महागाईनुसार वाढलीच नाही. अमेरिकी मनात तेव्हा जो संताप उसळला तो बहुतांशी येणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर रोखलेला होता. पण येणाऱ्याला नकार देता आला असता, रात्रीच्या फोनला, कमी पायरीच्या पदनामाला, त्या अवमानकारक शिकवणीला नाही म्हणता आले असते, तर त्याला आणण्यात फायदा कितीसा उरला असता? एकाच्या पायातला दोर दुसऱ्याच्या पगाराला खाली ओढतो. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातीबद्दल म्हटले होते की ती नुसती श्रमांची विभागणी नाही, श्रमिकांची आहे. संदर्भ सर्वस्वी वेगळा आहे, पण व्हिसाच्या प्रकारानुसार एकाच मजल्यावरची माणसे विभागली जातात तेव्हा हे विश्लेषण उपयोगी पडते.

सर्वांत अवघड आक्षेप कंपन्यांकडून येत नाही, समतावाद्यांकडून येतो. अर्थशास्त्रज्ञ ब्रँको मिलानोविच आणि स्थलांतराचे अभ्यासक मार्टिन रूस यांनी तो वेगवेगळ्या वाटांनी मांडला आहे. रूस यांचे २०१३ चे पुस्तकच हक्कांच्या किमतीविषयी आहे. श्रीमंत देश परक्यांना जितके जास्त हक्क देतात, तितकी कमी माणसे आत घेतात. पूर्ण हक्कांचा आग्रह धरला तर दारच बंद होईल आणि नुकसान होईल ते गरीब देशातल्या माणसाचे. आखाती देश सगळ्यांत जास्त मजूर घेतात आणि सगळ्यांत कमी हक्क देतात, हा त्याचा ढळढळीत दाखला. हा युक्तिवाद मी झटकून टाकू शकत नाही. हक्क आणि संख्या यांत ओढाताण आहे. पण ओढाताण सगळ्या हक्कांच्या बाबतीत सारखी नाही. मताधिकार, सरकारी मदत, कुटुंब आणण्याचा हक्क यांचा भार यजमान समाजावर पडतो, किंवा पडेल अशी भीती त्याला वाटते. तिथे घासाघीस समजण्यासारखी आहे. मालक बदलण्याच्या हक्काचा भार समाजावर पडत नाही, तो मालकावर पडतो. स्थानिक कामगाराचा तर त्यात फायदाच आहे. तेव्हा दार उघडे ठेवण्यासाठी काही हक्क पुढे ढकलायचे झाले, तरी हा हक्क त्या यादीत घालायला यजमान समाजाकडे कारण नाही. रूस स्वतःही हक्कांवरचे निर्बंध मोजके आणि ठरावीक मुदतीचे असावेत असेच म्हणतात, आणि सात टक्क्यांच्या रांगेत मुदत हा प्रकारच उरत नाही.

मायकेल वॉल्झर यांनी १९८३ मध्ये युरोपातल्या पाहुण्या कामगारांबद्दल लिहिताना अथेन्सच्या मेटिकांचीच आठवण काढली होती. कुणाला घ्यायचे हे समाज ठरवू शकतो, पण घेतल्यावर त्यांना कायमचे दाराशी उभे करून त्यांच्यावर राज्य करणे लोकशाहीत बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले, आणि त्याच सुमारास चढत्या पगाराच्या अर्जाला लॉटरीत जास्त संधी देण्याची योजनाही पुढे आली. दुसऱ्या उपायाने खालच्या पायऱ्यांचा दुरुपयोग कमी होईल, हे मान्य करायला हवे. पहिल्याबद्दल मला शंका आहे. माणसामागे एवढी रक्कम ओतलेल्या कंपनीला तो हातचा जाऊ नये अशी निकड जास्तच वाटणार. दोन्ही उपाय पुन्हा आकड्याशी खेळतात, दोराला हात लावत नाहीत. परवानगी कंपनीच्या नावे न देता माणसाच्या नावे, त्याच्या व्यवसायापुरती आणि ठरावीक वर्षांसाठी दिली, तर पगाराची पायरी तपासण्याचे निम्मे काम तो स्वतःच करील. मग कोणती कंपनी खर्च करून अर्ज करील, असे विचारले जाते. काही नक्कीच करणार नाहीत. तशी व्यवस्था आल्यावर अर्ज किती घटतात ते मोजले, तर तीस वर्षांच्या पगार-तक्त्यांतून न कळलेली एक गोष्ट कळेल: किती कंपन्यांना दुर्मीळ कौशल्य हवे होते आणि किती कंपन्यांना उठून न जाणारा माणूस.